खिळ्यांमागची माणसे

मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना आपण संपादकांची आणि मालकांची नावे घेतो. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापले, कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' काढला, बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' सुरू केला. हे सांगितलेच पाहिजे. परंतु खिळ्यांवर छापलेले प्रत्येक अक्षर कुणीतरी उभ्याने, शिशाचे खिळे वेचून जुळवले होते. त्या माणसाचे शरीर या इतिहासात कुठे आहे?

माझे वडील रत्नागिरीतल्या एका छापखान्यात मोटारीवरचे ट्रेडल चालवीत. उजव्या हाताने कोरा कागद लावायचा, डाव्याने छापलेला काढायचा आणि मध्ये लोखंडी जबडा मिटायचा. मी शाळेत असताना त्यांची उजव्या हाताची दोन बोटे त्यात चेचली. जबडा मिटताना हात बाहेर ढकलणारा साधा गार्ड यंत्राला बसवता येतो. तो तिथे नव्हता. वडील मात्र आजही म्हणतात, "हात माझाच रेंगाळला." यंत्राचा दोष कामगाराने स्वतःच्या माथी घ्यावा, ही शिकवण आपल्याला फार जुनी आहे.

शेजारी कंपोझिटर दिवसभर उभा राही आणि त्याच हातांनी भाकरी खाई. शिसे अंगात जाते ते न धुतलेल्या हातांतून, केसमधल्या धुळीतून आणि खिळे ओततानाच्या वाफेतून. म्हणजे साबण, पाणी आणि जेवायला वेगळी जागा एवढ्यानेही पुष्कळ टळले असते.

देवनागरीने त्याचे कष्ट आणखी वाढवले. जोडाक्षरांमुळे खिळे शेकड्यांनी लागत, केसही जास्त, हातही लांबवर न्यावा लागे. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १९०४ पासून खिळे कमी करण्याचा प्रयत्न केला. त्यातून पुढे १९२६ साली १९० खिळ्यांचा टाइप तयार झाला. १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी 'अ'च्या बाराखडीचा पुरस्कार केला. हा सारा इतिहास आपण लिपीचा म्हणून वाचतो. तो कंपोझिटरच्या खांद्याचाही आहे.

घरातला पहिला पदवीधर मी. त्यामुळे कायदा वाचण्याची पाळीही प्रथम माझ्यावर आली. १८८१ च्या कायद्याने १०० कामगारांच्या जागेलाच कारखाना मानले. १८९१ साली ही संख्या ५० झाली, १९२२ साली २०, आणि १९४८ साली यंत्रशक्ती असल्यास १०, नसल्यास २०. गिरणी कामगारांसाठी 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे या वाटेच्या प्रारंभीच झगडले. बाबासाहेबांकडे मजूर खाते असताना १९४६ साली आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. १९४८ च्या कायद्यात यंत्राला आडोसा, हात धुण्याची सोय, उभ्याने काम करणाऱ्याला बसायची जागा, शिशाच्या विषबाधेची सरकारला खबर, सारे लिहिलेले होते. वडिलांच्या छापखान्यात माणसे सात होती. बोटांना कायद्याचे संरक्षण मिळायला तीन माणसे कमी पडली.

आता तो आकडा उलटा फिरला आहे. २०२० ची सुरक्षा व आरोग्य संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात कारखाना ठरायला यंत्रशक्ती असल्यास २० आणि नसल्यास ४० कामगार लागतात. ऑफसेट आल्यावर खिळे गेले, शिसे गेले. पण रॉकेलने रोलर पुसणे, रिमे उचलणे, कटरखाली हात घालणे आणि संगणकापुढे पाठ वाकवणे गेलेले नाही.

दादरच्या बुद्धभूषण छापखान्याची इमारत जून २०१६ मध्ये पाडली गेली, तेव्हा आपला समाज रस्त्यावर आला. ते योग्यच होते. परंतु तिथे खिळे जुळवणाऱ्या किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? आपली नियतकालिकेही कुणीतरी छापतोच. त्याच्या रोलरला आडोसा आहे काय, त्याला बसायला स्टूल आहे काय, हे बिल चुकते करताना आपण विचारले पाहिजे. कायदा डोकी मोजत राहील. आपण बोटे मोजावीत.