टस्कीगी : निदान कोणासाठी?

1972 साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा तिच्या नावामागे अमेरिकेतील काळ्यांचा लढा उभा होता. त्याच वर्षीच्या 25 जुलैला असोसिएटेड प्रेसच्या बातमीदार जीन हेलर ह्यांनी अलाबामा राज्यातील एक प्रकरण जगापुढे आणले. अमेरिकन सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने गरमी झालेल्या 399 काळ्या पुरुषांना चाळीस वर्षे उपचाराविना ठेवले होते. तुलनेसाठी रोग नसलेले 201 जण वेगळे होते. ह्या प्रकरणाची सुरुवात कशी झाली हे आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम समजून घेतले पाहिजे, कारण ती क्रौर्यातून झाली नाही.

ती उपचारांतून झाली. 1930 च्या सुमारास रोझेनवाल्ड फंडाच्या पैशावर दक्षिणेतील सहा परगण्यांत काळ्यांचे रक्त तपासून औषध देण्याची योजना निघाली. टस्कीगी ज्या मेकन परगण्यात आहे तेथे रोगाचे प्रमाण सर्वांत जास्त, तिघांत एकाहून अधिक, आढळले. हे लोक गोऱ्यांच्या जमिनी वाट्याने कसणारे, कापूस पिकवणारे, कर्जात बुडालेले. डॉक्टर ही चीज त्यांनी क्वचितच पाहिलेली. पुढे महामंदी आली, फंडाने हात आखडला आणि योजना बंद पडली. तेव्हा डॉक्टरांनी विचार केला : ह्यांना उपचार तर मिळणार नाहीतच, मग रोग आपल्या गतीने कसा वाढतो ते तरी पाहू! 1932 मध्ये काही महिन्यांसाठी म्हणून पाहणी सुरू झाली. दारिद्र्य माणसांनी लादायचे आणि मग त्याच्या परिणामांना 'निसर्गक्रम' म्हणून वहीत टिपायचे, ही रीत आपल्याला परकी नाही. जातिव्यवस्थेचे समर्थन ह्याच तर्काने केले जाते.

सरकारी डॉक्टरांनी त्यांना रोग टोचला अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. टोचण्याची गरजच नव्हती. सांगितले नाही एवढे पुरेसे होते. 'तुमचे रक्त वाईट आहे' असे म्हणत. 'वाईट रक्त' ह्या गावठी शब्दात अशक्तपणाही येई, थकवाही येई. पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढले, ते फक्त तपासणीसाठी; पण पत्रात लिहिले की खास मोफत उपचारांची ही शेवटची संधी आहे. (आपल्याकडचा 'गुप्तरोग' हा शब्दही असाच. गरमी वेगळी, परमा वेगळा, दोन्हींची औषधे वेगळी. पण 'गुप्तरोग' म्हटले की सगळे एका पाटीखाली जाते आणि ती पाटी पुष्कळदा भोंदूच्या दारावर असते.)

1940 च्या दशकात पेनिसिलिन आले आणि 1947 पर्यंत ते गरमीवरचे सर्वमान्य औषध झाले. प्रारंभीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचे 24 लाख युनिटचे एकच इंजेक्शन पुरते. मेकनमधील माणसांना ते दिले गेले नाही. त्याआधी महायुद्धात सैन्यभरतीच्या वेळी ज्यांचा रोग उघड झाला त्यांनाही सक्तीच्या उपचारांतून वगळण्याची व्यवस्था आरोग्य सेवेने केली होती. मेल्यावर शवविच्छेदन करू द्यावे म्हणून अंत्यविधीचा खर्च मात्र देत असत.

आणखी एक गोष्ट बोचणारी आहे. बुकर टी. वॉशिंग्टन ज्या टस्कीगी संस्थेचे पहिले प्रमुख होते, तिचे रुग्णालय ह्या कामात सहभागी होते. माणसांना घरून मोटारीने आणणारी, त्यांचा विश्वास सांभाळणारी परिचारिका युनिस रिव्हर्स काळीच होती. शिकलेल्यांनी सरकारी शब्दावर विश्वास ठेवला आणि अशिक्षितांनी शिकलेल्यांवर. आपल्यातल्या नोकरदारांनी ह्यावर थोडे थांबून विचार करावा.

आरोग्य सेवेतच नोकरीला असलेल्या पीटर बक्स्टन ह्यांनी 1966 पासून लेखी हरकती घेतल्या होत्या. 1969 मध्ये वरिष्ठांच्या समितीने पाहणी चालू ठेवण्याचाच निर्णय दिला. शेवटी बक्स्टन वृत्तपत्रांकडे गेले. काळे वकील फ्रेड ग्रे ह्यांनी दावा लावला आणि 1974 मध्ये एक कोटी डॉलरवर तडजोड झाली. गरमी झालेल्यांपैकी जे जिवंत होते त्यांच्या वाट्याला प्रत्येकी 37,500 डॉलर आले, मृतांच्या वारसांना 15,000. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन ह्यांनी माफी मागितली ती 16 मे 1997 ला. तेव्हा आठ जण उरले होते. त्यांच्या बायका, विधवा आणि मुले ह्यांना सरकारी उपचारांच्या योजनेत घेतले गेले ते 1975 मध्ये.