मोटारीचा श्वास

घोडेगांव सोडून गाडी शिनोलीवरून डिंभ्याकडे निघाली, म्हणजे कांहीं वेळानें धरणाचें पाणी दिसूं लागतें, आणि तेथून पुढें तळेघरच्या बाजूस रस्ता चढूं लागला, कीं गाडींतील एखादा वृद्ध प्रवासी शेजाऱ्यास म्हणतो, “गाडीला दम लागला बघा.” बोलणारास वाटतें कीं आपण अलंकारिक बोललों. वस्तुतः त्याचें बोलणें अक्षरशः खरें असतें. मोटारीच्या इंजिनास श्वास आहे, त्या श्वासाला वाट आहे, आणि ती वाट मोकळी करण्यासाठीं गेलीं सव्वाशें वर्षें माणसानें जी खटपट चालविली आहे, तिचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे.

मोटार पेट्रोलवर किंवा डिझेलवर चालते असें आपण म्हणतों. परंतु टांकींत भरलेलें इंधन हा तिच्या आहाराचा अगदीं लहान भाग होय. एक लिटर पेट्रोल पूर्णपणें जळावयास सुमारें ९,००० लिटर हवा लागते. वजनानें पाहिलें तर पेट्रोलच्या एका भागास हवेचे जवळजवळ पंधरा भाग. पेट्रोल विकत घ्यावें लागतें म्हणून त्याचा हिशेब आपण काटेकोर ठेवतों. हवा फुकट मिळते म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. आणि इंजिनास नेमकी हवाच कमी पडते! इंधन हवें तितकें आंत सोडतां येतें. हवेला मात्र स्वतः चालत यावें लागतें, आणि तिला मिळणारा वेळ फार थोडा असतो. दट्ट्या खालीं सरकतो, सिलिंडरांत पोकळी होते, झडप उघडते आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब हवेला आंत लोटतो. मिनिटास ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनांत दट्ट्याची ही खालची धांव सेकंदाच्या शंभराव्या भागांत संपते.

जुन्नरजवळ नाणेघाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून एक दगडी रांजण दाखवितात. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यानें त्यांत आपलें नाणें टाकावें आणि पुढें जावें, अशी लोकांची समजूत आहे. इंजिनाकडे निघालेल्या हवेच्या वाटेवर असे चार-पांच रांजण मांडलेले असतात. एक गाळणीचा, एक वळणदार नळीचा, एक कार्बुरेटरच्या अरुंद गळ्याचा, आणि शेवटचा झडपेच्या कडेचा. प्रत्येक ठिकाणीं थोडा थोडा दाब द्यावा लागतो, आणि सिलिंडरांत पोंचेपर्यंत हवेची पुंजी कमी झालेली असते. त्यांत उंचीची भर पडते. भीमाशंकर समुद्रसपाटीपासून सुमारें १,००० मीटर उंच आहे. तेथील हवा मुंबईच्या बंदरावरील हवेहून सुमारें नऊ टक्के विरळ असते. म्हणजे मुंबईस जें इंजिन शंभर भाग हवा घेतें, तें भीमाशंकराच्या दारांत एक्याण्णव भागच घेऊं शकतें. शक्तिहि त्याच बेतानें घटते, आणि ती नेमकी चढाच्या माथ्यावर घटते. वृद्ध प्रवाशाला हें गणित ठाऊक नसेल, पण त्याच्या कानास तें ऐकूं येतें.

अगदीं प्रारंभींच्या मोटारींत तर हवेच्या झडपेस उघडणारा कोणी धनीच नव्हता. एक हलकी कमान तिला मिटून धरी, आणि दट्ट्याच्या ओढीनें ती आपोआप उघडे. इंजिन सावकाश चाले तोंवर हें निभावलें. वेग वाढतांच झडप नीट उघडावयाच्या आंतच मिटावयाची वेळ येऊं लागली. १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीसाठीं विल्हेल्म मायबाखनें जें इंजिन रचिलें, त्यांत ही झडप दांडीनें उचलण्याची योजना होती. पेट्रोलचे तुषार हवेच्या झोतांत सोडणारा कार्बुरेटर त्याच मायबाखनें जर्मनींत, आणि बांकी व चोंका या जोडीनें हंगेरींत, १८९३ सालच्या सुमारास सिद्ध केला होता. यापुढची बरीचशी प्रगति म्हणजे नळ्या रुंद करणें, वळणें सौम्य करणें आणि झडपांचा आकार वाढविणें हीच होय. तिच्या तपशिलांत शिरण्याचें कारण नाहीं.

पण आपल्या इकडे एक काळ असा आला, कीं मोटारीचा श्वास मोकळा करण्याऐवजीं तो जाणूनबुजून कोंडावा लागला. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ सालीं हिंदुस्थानांत पेट्रोलवर नियंत्रण आलें. पुढच्याच वर्षीं रंगून पडलें, ब्रह्मदेशांतील तेलाच्या खाणी माघार घेणाऱ्या सैन्यानें स्वतःच उद्ध्वस्त केल्या, आणि तिकडून येणारें तेल थांबलें. लष्कराची गरज भागल्यावर उरेल तें पेट्रोल नागरिकांचें! अशा वेळीं बस व लॉऱ्या चालवावयाच्या कशावर? उत्तर निघालें तें आपल्या चुलींतून व लोहाराच्या भात्यापुढून. लांकडी कोळसा! मुंबई इलाख्यांतील व इतर प्रांतांतील कित्येक गाड्यांच्या पाठीवर लोखंडी पिंपें चढलीं आणि त्या कोळशाच्या वायूवर धांवूं लागल्या.

या योजनेंत इंजिनाचें पोट बहुतेक जसेंच्या तसें राहिलें. बदलली ती त्याची श्वासनलिका. पिंपांत कोळसा भरून खालून पेटवावयाचा. इंजिनाच्याच ओढीनें त्या निखाऱ्यांतून हवा जाई. निखाऱ्यांत प्रथम जो कर्बवायु तयार होई, तो वरच्या तप्त कोळशांतून जातां जातां कार्बन मोनॉक्साइड बने, आणि हाच ज्वालाग्राही वायु पुढें इंधन म्हणून उपयोगी पडे. परंतु तो तसाच इंजिनांत सोडण्याची सोय नव्हती. तो तापलेला, राखेनें भरलेला. म्हणून राख खालीं पाडणारें एक पात्र, थंड करणारी नळ्यांची जाळी, मग कापडाची गाळणी, आणि सर्वांत शेवटीं, जेथें पूर्वीं कार्बुरेटरचें राज्य होतें तेथें, स्वच्छ हवा मिसळणारी एक झडप. ही झडप चालकानें हातानें कमीजास्त करावयाची. वायु सावकाश जळतो म्हणून ठिणगी अगोदर पाडावी लागे. शिवाय सकाळीं इंजिन बंद असतां पिंपांतून हवा ओढावयास कोणी नसे. तेव्हां सोबत्यानें हातपंखा फिरवून निखारा फुलवावा, आणि प्रवाशांनीं तोंवर वाट पाहावी. बंद जागेंत हा उद्योग करणें म्हणजे प्राणाशीं गांठ, कारण त्या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो माणसास मारतो.

एवढी यातायात करून हातीं काय आलें? चाळीस टक्क्यांच्या आसपास, कधीं निम्मी, शक्ति गेली! याचें कारण लक्षांत घेण्याजोगें आहे. पेट्रोलची वाफ सिलिंडरांतील जागेचा सुमारें पन्नासावा भाग व्यापते. बाकी सारी जागा हवेला मिळते. कोळशाच्या वायूंत निम्म्याहून अधिक भाग नुसता नत्रवायु असतो, आणि तो वायु सिलिंडराची जवळजवळ अर्धी जागा आपणच अडवून बसतो. हवेनें राहावें कोठें? वर पिंप, जाळी व गाळणी यांची जकात वेगळी. सपाटीवर ही गाडी कशीबशी चाले, पण घाट आला कीं उतारूंना खालीं उतरून पायीं चालावें लागे. कांहीं चालक चढासाठीं म्हणून थोडें पेट्रोल राखून ठेवीत. त्या गाड्यांची आपण आज थट्टा करतों. माझ्या मतें ती अस्थानीं आहे. आपल्या रानच्या कोळशावर, गांवच्या लोहार-फिटराच्या हातांनीं, बाजारचा माल बाजारास पोंचत राहिला. हलक्या कामगिरीचा हा प्रकार नव्हे.

युद्ध संपलें, पिंपें भंगारांत गेलीं. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, या मार्गावर सरकारी एस. टी.ची पहिली बस धांवली. त्याच सुमारास, १९४७ सालीं, महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीज जीप जुळविण्यास आरंभ केला. सह्याद्रीच्या कडेकपारींतील गांवांशीं या गाडीचें पुढें जें नातें जुळलें, तें सर्वांस ठाऊक आहे. या जीपच्या टपाखालीं हवेसाठीं तेलाची गाळणी होती. आंत शिरलेली हवा तेलाच्या पृष्ठावर एकदम वळविली जाई. हवा हलकी म्हणून ती वळे, धूळ जड म्हणून ती सरळ जाऊन तेलांत रुते. रणांगणावरील धुळीसाठीं केलेली ही युक्ति आपल्या पठारावरील उन्हाळ्यास फारच मानवली. १९४६ सालीं स्थापन झालेल्या खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचीं यंत्रें पुढें विहिरीविहिरींवर बसलीं, तेव्हां त्यांच्यापुढेंहि हाच प्रश्न होता; कारण मळणीच्या दिवसांत खळ्यावर जी धूळ उडते, ती रस्त्यावरच्या धुळीस हार जाणारी नव्हे.

गाळणीनें श्वास थोडा अडतो, हें खरें. म्हणूनच ती काढून टाकण्याचा मोह फार जुना आहे. काढली कीं इंजिनाचा आवाज भरदार होतो, आणि ऐकणारास वाटतें कीं शक्ति वाढली. परंतु धुळींत गारेचे सूक्ष्म कण असतात, आणि ते सिलिंडराच्या बिडाहून कठीण असतात. दट्ट्याच्या कड्या व सिलिंडर यांच्या मध्यें सांपडून ते सहाणेप्रमाणें काम करितात. कांहीं दिवसांनीं गाडी निळसर धूर सोडूं लागते, तेल पिऊं लागते, आणि भरदार आवाजाचें बिल हातांत पडतें.

उंचीवर खरा उपाय निघाला तो निराळ्याच दिशेनें. हवा आपण होऊन येत नाहीं, तर तिला दाबून आंत घालावी! आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें, इंजिनाच्या टाकाऊ धुरानें चक्र फिरवून त्याच चक्राच्या बळावर आंत येणारी हवा दाबण्याची कल्पना १९०५ सालीं पेटंट करून ठेविली. १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें विमानाचें लिबर्टी इंजिन चक्क पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर नेऊन चालविलें. तळाशीं सुमारें ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन माथ्यावर एकतृतीयांश शक्ति गमावून बसे. ब्यूखीच्या तऱ्हेचें चक्र जोडतांच माथ्यावरहि त्याची तळाइतकी शक्ति परत आली. हेंच टर्बो पुढें कित्येक दशकांनीं डिझेल बस, ट्रक व जीपगाड्यांतून आपल्या घाटांत आलें. डिझेल इंजिनास तें विशेष मानवतें, कारण हवा अपुरी पडली कीं डिझेल काळा धूर ओकतें.

आतांची तरुण मंडळी मोटारीच्या हवेची मूळ पेटी काढून तिच्या जागीं उघडी शंकूच्या आकाराची गाळणी बसवितात. वाट मोकळी होते, आवाजहि येतो. पण मूळची पेटी बहुधा पुढच्या जाळीमागून थंड हवा घेत असते. हा उघडा शंकु टपाखालची, इंजिनानेंच तापविलेली हवा ओढतो. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली, तर ती सुमारें नऊ टक्के विरळ होते. नऊ टक्के! हा आंकडा आपण मघांशीं ऐकला आहे. म्हणजे घोडेगांवच्या बाजारांत उभी असलेली गाडी शंकु बसवितांच, रस्त्यावर एक पाऊल न टाकतां, भीमाशंकराइतक्या विरळ हवेंत जाऊन बसते. ज्यास श्वासाची वाट सुधारावयाचीच आहे, त्यानें बाहेरची थंड हवा नळीनें गाळणीपर्यंत आणावी, आणि नळीचें तोंड टपाखालच्या उष्णतेपासून आडोशास ठेवावें. तें फार खालींहि उतरवूं नये. पावसाळ्यांत ओढ्याच्या फरशीवरून गाडी काढतांना त्या तोंडांतून पाणी आंत गेलें, तर हवेप्रमाणें तें दाबलें जात नाहीं. दट्ट्या अडतो आणि त्याचा दांडा वांकतो.

महाशिवरात्रीस भीमाशंकराची यात्रा भरते. ती माघाच्या शेवटास येते. पाऊस जाऊन चार महिने होतात आणि रस्त्याच्या कडेची माती पिठासारखी झालेली असते. त्या सुमारास गाडीचा टप उघडून कारागिरास कागदी गाळणी बाहेर काढावयास सांगावी. ती तो उजेडाकडे धरून पाहतो, दगडावर दोन-चार वेळां हलकेच आपटतो, आणि तांबूस पुडीएवढी धूळ खालीं पडते.