शापस्तोत्रे आणि आपली प्रार्थना

स्तोत्रसंहितेतील १३७ वे स्तोत्र बाबेलच्या नद्यांकाठी रडणाऱ्या बंदिवानांचे आहे. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेमचा विध्वंस झाला. त्या जखमेतून आलेला शेवटचा चरण शत्रूची तान्ही बाळे खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतो. तो वाचताना भाविकाची जीभ अडखळते, आणि ती अडखळावीच, असे आम्हांस वाटते. संत अगस्तीन यांनी बाळे म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या दुष्ट वासना व खडक म्हणजे ख्रिस्त, असा अर्थ लावला. अर्थ सुंदर आहे. परंतु त्याने मूळ आक्रोश पुसला जाऊ नये. येथे पीडित माणूस शस्त्र उचलत नाही, सूड देवाच्या हवाली करतो.

पोप पौल सहावे यांनी १९७० साली मान्यता दिलेल्या दैनंदिन प्रार्थनाविधीतून ५८, ८३ व १०९ ही स्तोत्रे वगळण्यात आली; १३७ व्याचा शेवटही गाळला गेला. बायबलमध्ये मात्र ती जशीच्या तशी आहेत.

८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरीही ख्रिस्तसभेने ते शुक्रवारच्या रात्रप्रार्थनेत ठेवले आहे. पुत्रशोकात बुडालेल्या मातेला ‘देवाची इच्छा’ असे ऐकवण्यापूर्वी तिच्याशेजारी बसून ते वाचावे.