अंतःकिरणोपचार
गर्भाशयमुखाच्या वा गर्भाशयाच्या कर्करोगात किरणोत्सर्गी द्रव्य अर्बुदाच्या अगदी सन्निध ठेवून करावयाची चिकित्सा, ब्रेकीथेरपी. क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये लावलेल्या रेडियमच्या शोधातून ती उद्भवली. पुढे रेडियमची जागा सीझियम-१३७ व इरिडियम-१९२ यांनी घेतली. इरिडियमच्या शीघ्रगती पद्धतीत एका वेळचा उपचार काही मिनिटांत आटोपतो. मंदगती पद्धतीत मात्र, आतडी रिकामी करून, मूत्रनलिका घालून व भूल देऊन उपकरण बसविल्यानंतर, ते जागचे हलू नये म्हणून रुग्णेस एक-दोन दिवस, क्वचित अधिक काळ, स्वतंत्र खोलीत उताणे पडून राहावे लागते. वेदनेवर औषध देता येते. परंतु परिचारिका मोजकाच वेळ थांबतात आणि मुलांना व गर्भवतींना सक्त मज्जाव असतो, त्यामुळे येणारा एकांत अनेकींना अधिक जाचतो. म्हणून त्याची पूर्वकल्पना देणे, हाताशी घंटा, वाचन वा रेडिओ यांची तजवीज करणे, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. पुढे योनिमार्ग आकुंचित होऊ नये म्हणून वैद्यांच्या सल्ल्याने विस्फारक वापरावा लागतो. हा विषय संकोचापोटी टाळणे अन्यायाचे आहे. द्रव्य काढून घेताच देहात किरणोत्सर्ग उरत नाही, म्हणून घरी परतलेल्या स्त्रीपासून मुलाबाळांना दूर ठेवण्याचे काहीही कारण नाही.