नकली फेरारी, खरा खटला

मंडळी, १९८४ साली सुरू झालेली ‘मायामी व्हाइस’ मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना तिच्यातली काळी फेरारी नक्की आठवत असेल. ती फेरारी नव्हतीच! शेव्हरोले कॉर्व्हेटच्या सांगाड्यावर फेरारी डेटोना स्पायडरसारखी बॉडी चढवलेली ती नक्कल होती.

अशा नकलांवरून फेरारीने अमेरिकेत खटले भरले. त्यांतला ‘फेरारी विरुद्ध रॉबर्ट्स’ हा विशेष गाजला. रॉबर्ट्स यांच्या फायबरग्लासच्या टेस्टारोसा-नकलेचे किट ८,५०० डॉलरला मिळे; अस्सल टेस्टारोसा तेव्हा सुमारे २,३०,००० डॉलरची. नक्कल आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊकच असते, मग फसवणूक कुठली, असा त्यांचा सवाल होता.

१९९१ साली अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने फेरारीच्या बाजूने कौल दिला. गिऱ्हाईक फसले नाही तरी रस्त्यावर गाडी बघणारा फसतो, आणि तेवढे पुरे, असे बहुमताचे म्हणणे. न्यायमूर्ती कॉर्नेलिया केनेडी यांचे मत वेगळे पडले. हा कायदा गिऱ्हाइकाची दिशाभूल टाळण्यासाठी आहे, गाडीचा तोरा जपण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

आम्हां रसायनवाल्यांना इथे औषधे आठवतात. पेटंटची मुदत संपली की तेच औषध इतरांनाही बनवता येते आणि ते स्वस्त होते. मालाची ओळख बनलेल्या आकाराला मिळणाऱ्या या संरक्षणाला मात्र ठरावीक मुदत नाही. म्हणून आम्हांला केनेडीबाईंचे म्हणणे पटते.

आपल्याला काय वाटते? पुढच्या अंकासाठी चार ओळी जरूर लिहून पाठवा.