ॲलिस स्प्रिंग्जचं चिकन आणि भिंतीवरचं बूमरँग

टेबलावर कांदा आला. अख्खा, उमललेल्या फुलासारखा चिरलेला, मसालेदार पिठात घोळवून तळलेला. अमेरिकेतला माझा तो पहिला हिवाळा. ऑफिसातले आम्ही सातआठ जण ‘आउटबॅक स्टेकहाउस’मध्ये जेवायला गेलो होतो. भिंतीवर बूमरँग टांगलेलं, मेन्यूत ‘ॲलिस स्प्रिंग्ज चिकन’ आणि ‘कुकाबरा विंग्ज’. शेजारी ब्रिस्बेनची सहकारी बसली होती. तिला मी विचारलं, “हा कांदा तुमच्याकडे सणावाराला करतात का?” ती म्हणाली, “मी तो आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेतच पाहिला.”

मला हसू आलं, कारण मी कोल्हापूरचा. दिल्लीत शिकत असताना हॉटेलांत ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची लालभडक भाजी बघून माझा जीव असाच वरखाली व्हायचा. कोल्हापुरात आमच्या घरी ती भाजी कधी झाली नाही. वाटलं, हिचं आणि आपलं दुखणं एकच. पुढे हा इतिहास वाचत गेलो, तेव्हा कळलं की या गोष्टीत तिसरंही कुणीतरी आहे, आणि त्याचं दुखणं आम्हा दोघांपेक्षा फार मोठं आहे.

आधी त्या कांद्याबद्दल. ‘आउटबॅक’चं पहिलं हॉटेल मार्च 1988मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात उघडलं. क्रिस सलिव्हन, बॉब बॅशम, टिम गॅनन आणि ट्रूडी कूपर हे चार संस्थापक. चौघेही अमेरिकन हॉटेलधंद्यात मुरलेले, आणि ऑस्ट्रेलिया न पाहिलेले. गॅनन यांनी न्यू ऑर्लीन्समध्ये काम केलं होतं, त्यामुळे पदार्थांच्या मसाल्यावर छाप पडली ती अमेरिकेच्या दक्षिणेची. मग ऑस्ट्रेलियाच का? तर तेव्हा तिची हवा होती. 1984मध्ये पॉल होगन या विनोदी नटाने ऑस्ट्रेलियाच्या पर्यटनाची जाहिरात केली आणि अमेरिकन प्रेक्षकांना शेगडीवरची ‘श्रिंप’ खायला बोलावलं. खरं तर ऑस्ट्रेलियन माणूस कोळंबीला ‘प्रॉन’ म्हणतो. ‘श्रिंप’ हा शब्द अमेरिकन गिऱ्हाइकासाठी होता. 1986मध्ये त्याच होगनचा ‘क्रोकोडाइल डंडी’ तुफान चालला. म्हणजे नकलेची सुरुवात एकट्या फ्लोरिडात झाली नाही. ऑस्ट्रेलियाने स्वतःच स्वतःचं सोपं चित्र विकायला काढलं होतं. टॅम्पाच्या मंडळींनी त्याला टेबलं-खुर्च्या लावल्या.

मग अस्सल ऑस्ट्रेलियन जेवण कोणतं? जानेवारी 1788मध्ये 11 ब्रिटिश जहाजं सिडनीजवळ येऊन पोचली, ती खारवलेलं मांस आणि पीठ घेऊन. दोन वर्षांत शिधा आटला, वसाहतीवर उपासमारीची पाळी आली. पुढे गुरं-मेंढ्या वाढल्या, आणि मांसाचा पाय आणि भाजलेलं मटण हे घरचं जेवण झालं. 1850च्या दशकात सोन्याच्या खाणींसाठी चिनी माणसं आली. 1901मध्ये सरकारने गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊ न देणारा कायदा केला, पण चवीला कायदा लागू होत नाही. तो कायदा चालू असतानाच, 1951मध्ये, फ्रँक मॅकेन्क्रो नावाच्या माणसाने वॉगा वॉगाच्या जत्रेत ‘चिको रोल’ विकायला आणला. चिनी स्प्रिंग रोलवरून सुचलेला, पण फुटबॉलचा सामना बघताना एका हातात धरता यावा म्हणून जाड आवरणाचा. आज तो पक्का ऑस्ट्रेलियन मानला जातो. 2016मध्ये तिथल्या मॅक्वारी शब्दकोशाने लोकांच्या पसंतीचा वर्षाचा शब्द निवडला, तो होता ‘हलाल स्नॅक पॅक’: चिप्सवर कबाबचं मांस, चीज आणि सॉस.

इथवर वाचून वाटेल, सगळंच सरमिसळ आहे, मग तळलेल्या कांद्यानेच काय घोडं मारलंय? मलाही तसंच वाटलं होतं. पण मग ‘ॲलिस स्प्रिंग्ज’ हे नाव आठवलं.

त्या गावाचं जुनं नाव म्पार्न्त्वे. ती अरेर्न्टे लोकांची भूमी. त्यांच्या बायका मुल्गाच्या झाडाखाली खणून मधमुंग्या काढायच्या. या मुंग्यांचं पोट द्राक्षासारखं फुगलेलं आणि मधाने भरलेलं असतं. हॉटेलातल्या ‘ॲलिस स्प्रिंग्ज चिकन’वर असतं बेकन, मश्रूम, चीज आणि मध-मोहरीचा सॉस. मधाचा धागा जुळला तो निव्वळ योगायोगाने.

हे केवळ ‘रानातलं खाणं’ही नव्हतं. व्हिक्टोरियातल्या बुज बिम इथे गुंडिचमारा लोकांनी ज्वालामुखीच्या दगडांतून कालवे आणि बांध रचून वामसारखे मासे पाळले. ही रचना किमान 6,600 वर्षं जुनी. 2019मध्ये ती जागतिक वारसा ठरली. पण गोऱ्यांच्या गुरांनी पाणवठे तुडवले, कुंपणांनी शिकारीच्या वाटा बंद केल्या. मग मिशन आणि सरकारी ठाण्यांवर त्याच लोकांना शिधा म्हणून पीठ, साखर आणि चहा मिळू लागला. हजारो वर्षं स्वतःचं अन्न मिळवणारी माणसं रांगेत उभी राहिली.

उरलेल्या देशालाही या अन्नाचा विसर पडला. 1864मध्ये टास्मानियाच्या एडवर्ड ॲबटने ऑस्ट्रेलियातलं पहिलं पाकपुस्तक लिहिलं, त्यात कांगारूच्या पाककृती होत्या. पण पुढच्या शतकात कांगारूचं मांस कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात गेलं. माणसांनी खाण्यासाठी ते विकायला दक्षिण ऑस्ट्रेलियात 1980मध्ये परवानगी मिळाली, इतर राज्यांत 1993मध्ये. मॅकाडेमिया तर मुळात तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या रानातला. त्याच्या मोठ्या बागा लावून त्याला जगभर नेलं हवाईने.

आता पुन्हा 1988 हे साल बघा. 26 जानेवारीला वसाहतीच्या आगमनाला 200 वर्षं झाली. सरकारी सोहळा चालू असताना सिडनीच्या रस्त्यांवर 40,000हून अधिक माणसांचा मोर्चा निघाला. आदिवासी आणि त्यांच्या बाजूचे गोरे एकत्र चालत होते. आम्ही अजून इथे आहोत, हे त्यांना सांगायचं होतं. त्यानंतर दोनेक महिन्यांत टॅम्पात पहिल्या ‘आउटबॅक’चं दार उघडलं.

म्हणून ‘व्हेज कोल्हापुरी’बद्दलचा माझा राग आता बराच ओसरलाय. दिल्लीत कुणी काहीही शिजवलं, तरी माझ्या आईचा तांबडा रस्सा थांबला नाही. मसाला, चूल, बाजार, सगळं तिच्या हातात राहिलं. नकलेने माझं फार काही बिघडत नाही, कारण माझी चूल पेटती आहे. अरेर्न्टे बायकांची चूल आधी विझवली गेली आणि मग त्यांच्या गावाचं नाव चिकनला मिळालं.

आज सिडनी-मेलबर्नच्या महागड्या हॉटेलांत वॉटलच्या भाजलेल्या बिया, लेमन मर्टलची पानं झोकात वाढली जातात. त्यात आमचा वाटा किती, असं आदिवासी लोक विचारतात. ‘आउटबॅक’चं जेवण अस्सल आहे का? नाही, आणि तसा आव ते फारसा आणतही नसावेत. एखादा पदार्थ अस्सल आहे का, हे विचारताना मी आता आणखी एक प्रश्न जोडतो: हा पदार्थ ज्यांच्या नावावर खपतो, ती माणसं आज काय जेवतात?

त्या रात्री तो कांदा मी चवीने खाल्ला, खोटं कशाला बोलू. बूमरँग मात्र डोक्यातून जात नाही. ज्या हाताने ते शिकारीसाठी घडवलं, त्याचं हत्यार भिंतीवर आणि गावाचं नाव मेन्यूत आलं. त्याच्या ताटातलं मात्र तिथे काहीच नव्हतं.