धावपटूची शिदोरी

कॅनडाचा मॅरेथॉन धावपटू ब्रायन मॅक्सवेल याचे त्राण एका शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात सरले. त्या अनुभवातून धावपटूंसाठी पचनास हलकी, शर्करायुक्त वडी सिद्ध झाली आणि १९८६ साली कॅलिफोर्नियात ‘पॉवरबार’चा व्यवसाय उभा राहिला. २००० साली नेस्ले कंपनीने तो विकत घेतला. अशा वड्या पुढे मैदानावरून कचेरीतील टेबलाच्या खणात आल्या. वडी तीच राहिली. खाणारा मात्र बदलला. धावणाऱ्याच्या स्नायूंत जी साखर खर्ची पडते, तीच बैठे काम करणाऱ्याच्या अंगी चरबी होऊन साचू शकते. वरून घातलेली साखर, मध इत्यादींतून मिळणारी ऊर्जा दैनिक आहाराच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविले. घाईत असलेल्याने म्हणूनच वेष्टनावरील स्तुतीपेक्षा साखरेचा आकडा वाचावा. मूठभर फुटाणेही खिशात मावतातच!